‘स्टार्टअप’ म्हणजे नेमकं काय?

प्रश्न : पुतण्याने मसाला कांडपाचं युनिट टाकलं आणि पाटीवर ‘स्टार्टअप’ लिहिलं. प्रत्येक नव्या धंद्याला हा शब्द चालतो का? तो आला कुठून? मराठीत काय म्हणावं? – एक वाचक, कराड

उत्तर : प्रत्येक धंद्याला चालत नाही.

इंग्रजीत हा शब्द जुना आहे. १६व्या शतकात ‘स्टार्टअप’ म्हणजे कालपरवा अचानक वर चढलेला माणूस. खेडूत घालत त्या जाड चामड्याच्या बुटांनाही तेव्हा हेच नाव होतं! धंद्याशी त्याची गाठ पडली १९७०च्या दशकातल्या अमेरिकेत. १९७६ साली ‘फोर्ब्स’मध्ये तो या अर्थाने छापलेला सापडतो. कॅलिफोर्नियात तेव्हा चिप आणि संगणकाच्या कंपन्या निघत होत्या. विक्री सुरू होण्याआधीच मोठं भांडवल लागे आणि तारण ठेवायला काही नसे. त्यामुळे कर्जाऐवजी हिस्सा घेऊन जोखीम उचलणारे गुंतवणूकदार पुढे आले. क्लायनर पर्किन्स आणि सिकोया या अशा गुंतवणुकीच्या दोन्ही संस्था १९७२च्या. हे गुंतवणूकदार पैसे घालत ते कंपनी झपाट्याने वाढेल या आशेवर, म्हणून वाढीची अट या शब्दात मुरलेली आहे.

कांडपाचंच बघा. दुप्पट मसाला हवा तर दुप्पट मिरची, आणखी एक यंत्र, आणखी दोन माणसं. हा चांगला लघुउद्योग आहे, स्टार्टअप नव्हे. मिरचीतला ओलावा मोजून भाजणी आपोआप ठरवणारं उपकरण त्याने बनवलं आणि ते गावोगावच्या कांडपवाल्यांना विकायचं ठरवलं, तर मात्र शब्द शोभेल.

केंद्र सरकार अर्ज केल्यावर ‘स्टार्टअप’ म्हणून मान्यता देतं. त्यासाठीची व्याख्याही याच दिशेने जाते : नवं काहीतरी हवं किंवा मोठा रोजगार वा संपत्ती निर्माण करू शकेल असं, वाढवता येणारं धंद्याचं प्रारूप हवं, आणि जुना धंदा तोडून काढलेली कंपनी नको. कंपनीचं वय आणि वार्षिक उलाढाल यांची मर्यादा २०१६ मध्ये ५ वर्षं व २५ कोटी रुपये होती, २०१९ मध्ये ती १० वर्षं व १०० कोटी झाली. ती अशी सरकत असल्याने अर्जाच्या दिवशी लागू असेल ती पाहून घ्यावी.

अर्ज बहुधा दोन जागी अडतो. एकल मालकीच्या धंद्याला ही मान्यताच नाही. भागीदारी असेल तर मुद्रांक कागदावरचा करार पुरत नाही, ती निबंधकाकडे नोंदलेली लागते. दुसरी जागा म्हणजे माहितीचा रकाना. ‘उत्तम दर्जाचे मसाले बनवतो’ एवढंच लिहिलं की अर्ज परत येतो. अडचण कोणाची, आज ती कशी भागते आणि तुमचं वेगळेपण काय, हे तिथे यायला हवं. पुतण्याला सध्या उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांसाठीची सरकारी नोंदणी, योग्य : फुकट आहे, आधार क्रमांकावर होते आणि एकल मालकीला चालते.

मराठीत ‘नवउद्यम’ चांगला रुळतो आहे. ‘इनोव्हेशन’साठी सरकारी कागदांत येणारी ‘नाविन्यता’ मात्र उचलू नये; ‘नावीन्य’ हेच भाववाचक नाम असल्याने त्याला पुन्हा ‘ता’ लागत नाही.