डायलिसिसच्या बेडशेजारी खजिन्याचं बेट

प्रश्न : सप्रेम नमस्कार. मी सोलापूरची, वय 57. यजमानांचं डायलिसिस आठवड्यातून तीनदा असतं, एका वेळी चार तास. आमच्या केंद्रात एका नातेवाइकाला शेजारी बसू देतात. मुलीच्या जुन्या पुस्तकांत ‘ट्रेझर आयलंड’चा मराठी अनुवाद सापडला, तो तिथे हळू आवाजात वाचून दाखवू लागले. यजमानांना आवडतोय, पलीकडच्या बेडवरचे आजोबाही कान देऊन ऐकतात. गोष्ट सांगणारा मुलगा जिम सफरचंदांच्या पिंपात उतरतो तिथपर्यंत आलोय. पण वाचनगटातली मैत्रीण म्हणते, या वयात आणि अशा प्रसंगात चाच्यांच्या गोष्टी वाचणं म्हणजे परिस्थितीपासून पळ काढणं. त्यापेक्षा काही चिंतनपर वाच. तिचं बरोबर आहे का? दुसरं म्हणजे, उद्याची तयारी म्हणून मी रात्री एखादं प्रकरण वाचायला घेते आणि झोप लांबते. आणि यानंतर काय वाचावं?

उत्तर : ताई, खुशाल वाचा. मनात काही न ठेवता वाचा.

तुमच्या मैत्रिणीच्या ‘या वयात’ला उत्तर या पुस्तकाच्या जन्मातच आहे. 1881 सालचा उन्हाळा. स्कॉटलंडमधल्या ब्रेमार गावी रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन कुटुंबासह राहत होता. लहानपणापासून छातीच्या दुखण्याने बेजार झालेला माणूस. बाहेर थंडी आणि पाऊस, त्यामुळे घरात अडकलेला. सावत्र मुलगा लॉइड रंग घेऊन चित्रं काढत बसे. त्याच्या सोबतीने स्टीव्हन्सनने एका बेटाचा नकाशा काढला, आणि त्या नकाशातून ही गोष्ट निघाली. लिहून झालेलं प्रकरण तो दुपारच्या जेवणानंतर घरच्यांना मोठ्याने वाचून दाखवायचा. म्हणजे तुम्ही करताय तेच.

ऐकणाऱ्यांत त्याचे वडील थॉमस होते. दीपगृहं बांधणारे नामांकित इंजिनिअर, वयाची साठी ओलांडलेले. ते या गोष्टीत इतके रमले, की गोष्टीतल्या म्हाताऱ्या खलाशाची, बिली बोन्सची पेटी उघडायची वेळ आली तेव्हा पेटीत काय काय निघावं याची यादी त्यांनी दिवसाचा बराचसा वेळ घालवून एका लिफाफ्याच्या पाठीवर लिहून काढली. मुलाने ती जशीच्या तशी वापरली. चाच्यांचा कप्तान फ्लिंट याच्या जहाजाचं ‘वॉलरस’ हे नावही त्यांच्याच आग्रहाचं. आता ते प्रकरण यजमानांना पुन्हा एकदा वाचून दाखवा. तंबाखूच्या कांड्या, पिस्तुलं, चांदीची कांब, जुनं स्पॅनिश घड्याळ, वेस्ट इंडीजचे शिंपले. ही यादी एका वयस्कर, जबाबदार गृहस्थाने मन लावून केलेली आहे, हे कळल्यावर ती वेगळीच वाटते.

पहिली पंधरा प्रकरणं झपाट्याने झाली आणि मग स्टीव्हन्सनचं लिखाण अडलं. उरलेली कादंबरी त्याने स्वित्झर्लंडमध्ये दाव्होसला पुरी केली. तिथे तो हवापालटासाठी, छातीच्या उपचारासाठी गेला होता. आपल्याकडचे कादंबरीकार नाथमाधव आठवा. सिंहगडाच्या कड्यावरून कोसळून ते कमरेखाली अधू झाले, आणि ‘वीरधवल’सारखी घोडदौडीची, तलवारींची कादंबरी त्यानंतर लिहिली. ज्यांना खोलीबाहेर पडणं अवघड होतं अशा माणसांनी ही पुस्तकं लिहिली आहेत. चार तास सुई टोचून पडून राहणाऱ्या माणसासाठी याहून जवळचं पुस्तक मला सुचत नाही.

मी आयुष्यभर एका वाचनालयाच्या देवघेव विभागात बसले. साहसकथा मुलं नेतात असा समज असतो, पण माझ्या टेबलावरून त्या कुणाकुणाच्या पिशवीत गेल्या ते मी पाहिलं आहे : रात्रपाळी संपवून आलेल्या परिचारिका, एसटीचे वाहक, घरात अंथरुणाला खिळलेलं माणूस असलेल्या सुना. आमच्याकडे पुन्हा पुन्हा बाइंडिंगला जायची तीही हीच पुस्तकं. ही माणसं काही टाळत नव्हती. सकाळी उठून आपापल्या कामाला लागत होती.

आजारपणातल्या भीतीला आकार नसतो. मूत्रपिंडाचं काम दाखवणारा रक्ततपासणीतला क्रिएटिनिनचा आकडा वाढतो, कमी होतो, आणि पुढे काय ते कुणी नेमकं सांगत नाही. बेटावरच्या भीतीला मात्र चेहरा आहे. एका पायाचा, कुबडीवर सफाईने चालणारा, हसतमुख, स्वयंपाकात हुशार लाँग जॉन सिल्व्हर. जिमवर त्याची माया खरी आहे आणि सुरीही खरी आहे. तुम्ही आत्ता पिंपाशी आहात, म्हणजे हा माणूस नेमका कोण हे आता कळेल. एकाच माणसात दोन्ही कसं नांदतं, यावर तुमच्या वाचनगटात एक अख्खी संध्याकाळ बोलता येईल. मैत्रिणीला तेवढं प्रकरण वाचायला द्या. शेवट मी सांगत नाही.

मात्र झोपेचं मनावर घ्या. डायलिसिसच्या दिवशी तुमचं डोकं ताजं हवं. वजन, पाणी, गोळ्या, सगळं तुम्हीच पाहता. ही गोष्ट आधी एका मुलांच्या साप्ताहिकात क्रमशः आली होती, त्यामुळे प्रकरणं छोटी आहेत आणि पुष्कळशी ऐन उत्कंठेच्या जागी संपतात. ‘हे प्रकरण संपलं की ठेवते’ असं ठरवाल तर दिवा मालवणं जमायचं नाही. प्रकरणाच्या मध्येच, एखाद्या संथ परिच्छेदावर खूण घालून थांबा. खरं तर तयारीची गरजच नाही. यजमानांसोबत तुम्हीही पहिल्यांदाच ऐका.

वाचताना दोन गोष्टी सांभाळा. मूळ पुस्तकात 34 प्रकरणं आहेत. तुमच्या प्रतीत ती फारच कमी असतील तर ती मुलांसाठी केलेली संक्षिप्त आवृत्ती असणार. मग संपूर्ण अनुवाद मिळवा, सिल्व्हरचं बोलणं संक्षेपात सगळ्यात आधी कापलं जातं. आणि सोळाव्या प्रकरणापासून तीन प्रकरणं जिमऐवजी डॉक्टर लिव्हसी सांगतो. ते आधी सांगून ठेवा, नाहीतर रक्तदाब उतरून डुलकी लागलेल्या माणसाला जागं झाल्यावर आपण काही हुकवलं असं वाटेल. शिडांची आणि दोरांची नावं अडली तर सरळ गाळा.

यानंतर रायडर हॅगार्डची ‘किंग सॉलोमन्स माइन्स’ घ्या, 1885 ची. तिथेही नकाशा आहे, चिंधीवर रक्ताने काढलेला. वाळवंट ओलांडण्याचा भाग मला फार आवडतो. पण त्यात हत्तींची शिकार आहे, आणि आफ्रिकी माणसांकडे बघण्याची नजर त्या काळच्या गोऱ्या साहेबाची आहे. ती पानं मला खटकतात. वाचताना थांबून तसं बोलून दाखवा, ऐकणाऱ्यांनाही बोलू द्या.

राहिले पलीकडचे आजोबा. ते मधूनच ऐकू लागले असतील तर पुढच्या वेळी सुरुवात करण्याआधी त्यांना मागचं थोडक्यात सांगा : खाडीकाठची खानावळ, बिली बोन्स, काळा ठिपका, पेटीतला नकाशा, ब्रिस्टल बंदरातून निघालेलं हिस्पॅनिओला जहाज आणि त्यावरचा आचारी. आणि आवाज थोडा चढवायला चालेल का, ते तिथल्या सिस्टरना विचारून घ्या.