पहिला टॉर्क रेंच घेताना

टॉर्क रेंच म्हणजे नट-बोल्ट ठरलेल्या टॉर्कने, म्हणजे पिळाच्या जोराने, आवळायचा पाना. पुण्याच्या बोहरी आळीत, हत्यारांच्या बाजारात, जाण्याआधी विमानाचं मेंटेनन्स मॅन्युअल उघड आणि तुझ्या कामात लागणारे टॉर्कचे आकडे वहीत उतरव. 'हेवी ड्यूटी' म्हणून सगळ्यात मोठा रेंच उचलायचा मोह नवीन मुलांना हमखास होतो. पण रेंच साधारणपणे त्याच्या क्षमतेच्या 20 टक्क्यांच्या खाली भरवशाचा नसतो. 300 न्यूटन-मीटरच्या (हे टॉर्कचं एकक) रेंचने 30चं काम करायचं नाही. तुझी कामं 60 ते 150मध्ये असतील, तर 40 ते 200चा अर्धा इंची (सॉकेट बसतो त्या चौकोनी टोकाचं माप) क्लिक रेंच घे, म्हणजे ठरवलेला टॉर्क आला की 'टक्' वाजणारा.

एकक दोनदा वाच. 1 फूट-पाउंड म्हणजे 12 इंच-पाउंड. इथे गफलत झाली की बोल्ट गेलाच म्हणून समज.

रेंचच्या नंबराचं कॅलिब्रेशन (अचूकता तपासणी) सर्टिफिकेट मागून घे, त्याशिवाय तो विमानाला लावायचा नाही. पुढचं कॅलिब्रेशन पिंपरी-चिंचवडकडच्या एनएबीएल (लॅबना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यताप्राप्त लॅबमध्ये करून घेता येईल.

वापरताना जपायच्या गोष्टी:
- 'टक्' झालं, मुठीत हलका झटका जाणवला, की थांब. शिकाऊ असताना मी खात्रीसाठी अजून दोनदा ओढायचो. सिनियरने तो बोल्ट काढायला लावला, तेव्हा कळलं की तो जास्त आवळला जात होता.
- मूठ मधोमध धर, सावकाश ओढ.
- घट्ट बसलेला नट याने सोडवू नकोस, त्याला लांब दांड्याचा ब्रेकर बार आहे.
- काम झालं की सेटिंग सगळ्यात खालच्या आकड्यावर आण, त्याखाली नको.

क्रोफूट (रेंचच्या टोकाला जोडायचं उघड्या तोंडाच्या पान्याचं डोकं) लावल्यावर आकडा बदलतो, पण ते गणित नंतर. आधी महिनाभर हाताला तो झटका ओळखू दे.