जीए देऊनही अमायलेज येत नाही? प्राइमर सोडा, आधी बी तपासा

तुम्ही लिहिलंय की गर्भ काढलेले गव्हाचे अर्धे दाणे जीए३ मध्ये (जिबरेलिन हे वाढीचं संप्रेरक, थोडक्यात जीए) ठेवले तरी आयोडिनने निळ्या झालेल्या स्टार्चच्या प्लेटवर फिकट वर्तुळ उठत नाही, म्हणजे स्टार्च तोडणारं एन्झाइम अमायलेज तयारच होत नाही, आणि गाईड म्हणतात प्राइमर (जीन मोजायला पीसीआरमध्ये वापरायचे छोटे डीएनए तुकडे) बदला. वाचून माझंच पीएचडीचं दुसरं वर्ष डोळ्यासमोर आलं. कॅल्शियम क्लोराइड, जीए ऑटोक्लेव्ह न करता फिल्टर करणं, हे सगळं तुम्ही करतच असाल, त्यात जात नाही.

माझे आठ महिने गेले ते बियाण्यामुळे. पाकिटावर लिहिलेलं उंच जात, आत होती टॉम थंब या बुटक्या गव्हावरून आलेली आरएचटी३ (गहू बुटका करणारा जीन) वाली बुटकी लाईन. आणि मी काय करतोय तर जीएमवायबीचा (अमायलेजचा जीन चालू करणारं प्रोटीन) आरएनए मोजतोय, तोही हलेना, तर मला वाटलं काहीतरी भारी म्युटंट हाती लागलंय! हसू नका. जिथून बी आलं त्या ऑफिसला तीन मेल टाकले, दोन चकरा मारल्या, उत्तर एकच, रजिस्टर ज्यांच्याकडे आहे ते साहेब रजेवर. साहेब बहुधा अजून रजेवरच असतील.

गोष्ट साधी आहे. डेला प्रोटीन हा ब्रेक, जीए आलं की जीआयडी१, म्हणजे जीए ओळखणारा रिसेप्टर, या डेलाला धरतो, पेशी त्याची विल्हेवाट लावते, मग जीएमवायबी मोकळा होऊन अमायलेजचा जीन चालू करतो. आरएचटी म्हणजे डेलाचेच जीन, या बुटक्या लाईनमध्ये ती धरायची जागाच बिघडलेली (नॉर्विचच्या जॉन इन्स सेंटरवाल्यांनी १९९९ मध्ये हे जीन पकडले), मग जीए कितीही ओता, ब्रेक सुटत नाही. पण नोरिन १० या जपानी बुटक्या गव्हावरून आलेल्या आरएचटी१, आरएचटी२ मध्ये रोप बुटकं राहिलं तरी दाण्याचा प्रतिसाद बऱ्यापैकी असतो, त्यामुळे बुटका गहू म्हणजे अमायलेज नाहीच असं सरसकट धरू नका.

माझं मत विचाराल तर क्यूपीसीआरचं (आरएनए मोजायचं) किट उघडायच्या आधी ट्रेमध्ये वीसेक दाणे पेरा, अर्ध्यांवर जीए फवारा, आठवडाभर थांबा. फवारलेली रोपं ताडमाड वाढली तर बी या डेला बिघडलेल्या बुटक्या लाईनचं नाही, मग दोष दुसरीकडे शोधा. ढिम्म राहिली तर पाकिटावर विश्वास ठेवू नका. खर्च जवळजवळ शून्य, पण हे करायला मला कुणी सांगितलं नाही.

आणि उलटं झालं, म्हणजे जीए न देताही वर्तुळ आलं, तर गर्भाचा तुकडा राहिलाय किंवा बॅक्टेरिया शिरलेत, त्यांचंही अमायलेज असतं. एबीए (जीएच्या उलट काम करणारं संप्रेरक) वापरत असाल तर बाटलीला फॉइल गुंडाळा, उजेडात त्याचा रेणू फिरून निकामी रूपात जातो. मी लॅब सोडून बरीच वर्षं झाली, त्यामुळे शेवटचा शब्द गाईडचाच.

तुमची लाईन शेतात पेरली असेल तर उंची किती झाली ते सांगा, गुडघ्यापर्यंतच असेल तर मला संशय आहे.