साहेब सगळ्यांसमोर ओरडतात आणि तो राग घरात निघतो. नोकरी सोडावी का?

तुम्ही लिहिलंय की गोकुळ शिरगावला क्वालिटीत आहात, साहेब शॉपवर पोरांसमोर आवाज चढवतात, रात्री साडेदहाला व्हॉट्सअ‍ॅपवर रिजेक्शनचा जाब विचारतात, आणि घरी गेल्यावर बायकोशी धड दोन शब्द होत नाहीत. सोडू की सोसू, असा तुमचा प्रश्न. मीही इथंच कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीत, म्हणजे धातू वितळवून साच्यात ओतायच्या कारखान्यात, प्लॅनिंग आणि डिस्पॅच बघते. साहेब लोक बरेच पाहिलेत, काही तर असे की गाडी गेटात शिरली की अख्खं ऑफिस कीबोर्ड बडवायला लागायचं.

आधी एक ठरवा: तुमचे साहेब तापट आहेत की वाईट? तापट माणूस चुकीवर ओरडतो आणि अर्ध्या तासानं चहाला हाक मारतो. वाईट माणूस तुमच्यावर ओरडतो, तुमचं गाव, शिक्षण, आईबाप सगळं काढतो. आणखी एक जात असते, गोड बोलून खोट्या कागदावर सही घेणारी. हा कधी ओरडत नाही म्हणून लोक त्याला भला माणूस म्हणतात. मला विचाराल तर सगळ्यात धोक्याचा हाच.

तुमच्या प्रश्नातलं एक वाक्य मी परत वाचलं. "कस्टमरचा फोन आल्यावर मला कळतंय, असं दर वेळी म्हणतात." सगळी मेख इथंच आहे. पुण्याहून कस्टमर त्यांना झापतो, त्यांना काहीच माहीत नसतं, फोनवर ततपप होतं, आणि फोन ठेवला की ते तडक तुमच्याकडं येतात. वाईट बातमी त्यांना आधी तुमच्याकडून कळली तर निम्मं भांडण तिथंच मिटतं. सकाळी ते गेटात यायच्या आधी त्यांना असा मेसेज जाऊ दे:

"काल १४ नंबरच्या हीटचे ६० नग ओतले, ७ रिजेक्ट. ब्लोहोल, सगळे कोअरच्या बाजूला. कोअर रात्रभर उघड्यावर होते, ओल धरली असावी. आजपासून कोअर ओव्हनमधून फिरवून मगच बसवतोय. गुरुवारच्या गाडीला ५३ जातील, उरलेले ७ शनिवारी."

(हीट म्हणजे भट्टीत एका वेळी वितळवलेला धातू, कोअर म्हणजे आत पोकळी राहावी म्हणून साच्यात बसवतात तो वाळूचा गाभा, ब्लोहोल म्हणजे वायू अडकून धातूत पडलेली भोकं.) बघा, यात माफी नाही, कुणावर ढकलणं नाही. काय झालं, कशानं झालं, मी काय करतोय आणि कस्टमरला काय सांगायचं, एवढंच. शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं, कारण साहेबांना ते जसंच्या तसं फोनवर म्हणता येतं. आता आपल्याकडं जुलैत हवाच इतकी ओली असते की वाळू आणि कोअर दोन्ही पाणी पितात आणि ब्लोहोल वाढतात, हे फाउंड्रीतल्या शेंबड्या पोराला ठाऊक आहे. तरी हीच गोष्ट जूनमध्ये सांगितली तर नियोजन ठरते आणि ऑगस्टमध्ये सांगितली तर सबब.

पोरांसमोर ओरडण्याचं. तिथल्या तिथं उत्तर देऊ नका, खाली मान घालून उभंही राहू नका. "बघतो साहेब" म्हणा आणि पुढच्या कामाला लागा. जेवणानंतर केबिनमध्ये एकटे जा. डिस्पॅचच्या दिवशी संध्याकाळी तर मुळीच जाऊ नका, त्या वेळी देवसुद्धा ऐकून घेणार नाही. बोलायचं ते असं: "साहेब, चुकलं तर सांगा, दुरुस्त करतो. पण पोरांसमोर बोललात की उद्या ती माझं ऐकत नाहीत, आणि खराब होतो तो आपलाच माल." माझा अपमान झाला म्हणून रडगाणं गायलं तर ते हसतील. माल खराब होतो म्हटलं की कान टवकारतील. एकदाच बोला, तोल न सोडता. सगळे सुधारत नाहीत, पण तापट असतील तर आवाज खाली येतो.

कोल्हापुरात आणखी एक गंमत असते. बऱ्याच फाउंड्र्या घरच्या. मोठे साहेब एक सांगतात, नुकताच शिकून आलेला धाकटा मालक दुसरंच. तुमच्याकडं तसं असेल तर दोघांना एकाच मेसेजमध्ये घ्या: "मोठ्या साहेबांनी हाउसिंगचे नग आधी घ्यायला सांगितलंय, तुम्ही ब्रॅकेटचे. आधी काय लावू?" बाजू मात्र कुणाचीच घेऊ नका. रात्री ते एकाच ताटावर बसतात, उपाशी राहतो तो मधला माणूस.

सही घेणाऱ्या साहेबापुढं मात्र जराही झुकू नका. हार्डनेस (धातूचा कठीणपणा) तपासलेलाच नाही आणि टेस्ट सर्टिफिकेटवर आकडा टाका म्हणाले, तर "तासभर द्या, तपासून देतो" म्हणा. तरी रेटलं तर मेलवर लिहून मागा, बहुतेक वेळा विषय तिथंच संपतो. तो भाग उद्या कुणाच्या ट्रॅक्टरला बसणार आणि कागदावर नाव तुमचं. हे वारंवार होत असेल तर त्याच रात्री बायोडेटा काढा. आणि हे वाचणाऱ्या एखाद्या बाईला साहेबाच्या नजरेचा, बोलण्याचा, हाताचा त्रास असेल तर ते तापटपणात मोडत नाही. १० किंवा जास्त माणसं कामाला असतील तिथं अशा तक्रारींसाठी अंतर्गत समिती असायलाच हवी, असा २०१३ चा कायदा आहे. त्याहून लहान ठिकाणी जिल्ह्याची स्थानिक समिती. तक्रार लेखी द्यायची, ३ महिन्यांच्या आत.

तापट आणि वाईट यातला फरक मी ऑगस्ट २०१९ च्या पुरात पाहिला. राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी ४३ फूट, त्या वेळी पंचगंगा ५५ च्या वर गेलेली. शिरोलीजवळ हायवे पाण्याखाली, कारखाना बंद. आमच्या स्टोअरमधल्या एकाचं चिखलीतलं घर बुडालं. ज्या साहेबांना सगळे 'तोफखाना' म्हणायचे त्यांनी त्याला स्वतः फोन केला, पोरंबाळं कुठं आहेत विचारलं आणि न मागता अ‍ॅडव्हान्स पाठवला. कधी आवाज न चढवणाऱ्या दुसऱ्यांनी ग्रुपवर टाकलं की गैरहजेरी रजेत धरली जाईल. तेव्हापासून नुसत्या आवाजावरून मी माणूस जोखत नाही. तेच बरोबरीच्यांचं. क्रेनवाला, स्टोअरकीपर, फेटलिंगचा (ओतलेला माल घासून साफ करण्याचा) ठेकेदार यांच्याशी नुसतं कामापुरतं बोलत असाल तर अडचणीच्या दिवशी तुमच्यासाठी कोण हलणार? त्यांच्या घरचं लग्न, बारसं चुकवू नका.

आता घर. ऑफिस घरी आणू नये, असं सगळे सांगतात. मला ते पटत नाही. दिवसाचे दहा तास जिथं जातात ते सोडून बोलायचं तरी काय? सांगा, पण एकदाच सांगा, चहा संपेपर्यंत. आणि आधीच म्हणा, "नुसतं ऐक" किंवा "काय करू ते सांग." नाहीतर ती उपाय सुचवते, तुम्हाला हवी असते हुंकाराची साथ, आणि साहेब राहतात बाजूला, भांडण तुमच्या दोघांचं होतं. मग तिचा दिवस कसा गेला ते विचारा, आणि विचारलंत की मोबाइल खाली ठेवा. राग घालवायला रंकाळ्यावर एकट्यानं फेरी मारून घरी जा, असं कुणी सांगेल. अहो, ती आधीच दहा तास वाट बघतीय. तिलाच घेऊन जा रंकाळ्यावर.

रात्रीच्या मेसेजचं साहेबांना आधीच सांगून ठेवा: "फर्नेस बंद पडली किंवा गाडी अडली तर कधीही फोन करा, उचलतो. बाकीचं सकाळी साडेसातला तुमच्याकडं असेल." आणि मग सकाळी साडेसातला खरंच द्या, एक दिवस न चुकता. झोपच उडाली असेल, छातीत धडधड होत असेल, तर डॉक्टरांना दाखवा. मनाच्या त्रासासाठी टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

हे सगळं तीन-चार महिने करून बघा. फरक पडला नाही तर खुशाल सोडा, पण रागाच्या भरात राजीनामा फेकू नका. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल, सगळं एकच गाव आहे, नव्या ठिकाणचा मालक तुमच्या जुन्या साहेबांना फोन करणारच. दुसरीकडचं पत्र हातात येऊ दे, नोटीस पूर्ण भरा, गेज आणि रजिस्टर सही घेऊन ताब्यात द्या. पीएफ काढू नका, त्याच यूएएनवर (पीएफच्या कायमच्या नंबरवर) नव्या कंपनीत वळवून घ्या. सलग ५ वर्षं भरायच्या आत काढला तर टॅक्स लागतो. कायम नोकरीत ग्रॅच्युइटीही ५ वर्षांनीच, दर वर्षामागं १५ दिवसांचा पगार. तुमची तिथं किती वर्षं झाली ते तुम्ही लिहिलेलं नाही. साडेचार झाली असतील तर माझा सल्ला बदलेल, तेवढं खाली कळवा.