लक्सरचा बलून पुन्हा वर का गेला

तुम्ही विचारलंय की इजिप्तमधल्या लक्सरचा पर्यटकांचा गरम हवेचा बलून जमिनीला टेकायलाच आला होता, मग सगळ्यांनी उड्या मारून जीव का नाही वाचवला? 26 फेब्रुवारी 2013 च्या लक्सरच्या अपघाताबद्दल हा प्रश्न बरेच जण विचारतात. मी काही वर्षं बलूनच्या ग्राउंड क्रूमध्ये होतो, उतरणारी टोपली अंगाच्या भाराने दाबून धरलेली आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

उतरताना गरम हवेची ताकद आणि टोपलीचं वजन जवळजवळ तोलात असतं. तेवढ्यात सत्तर किलोचा एक माणूस बाहेर पडला तरी टोपली हातातून निसटते. आम्हाला पहिल्या दिवशी हेच शिकवलं होतं: एक उतरला की त्याच्या जागी दुसरा चढला पाहिजे.

लक्सरला गॅसच्या नळीतून गळती झाली आणि उतरतानाच आग लागली. पायलट भाजला आणि बाहेर पडला, एका प्रवाशानेही उडी मारली. हे दोघंच वाचले. टोपली हलकी झाली, वर आगीने आतली हवा आणखी तापवली. बलून सुमारे 300 मीटर चढला आणि शेतात कोसळला. 21 पैकी 19 जण गेले, त्यातले नऊ हाँगकाँगचे पर्यटक. ज्यांनी उडी मारली त्यांना मी दोष देणार नाही. अंगाशी ज्वाळा आल्यावर कोण हिशोब करतं?

जून 2025 मध्ये ब्राझीलच्या प्राया ग्रांदेला हेच पुन्हा घडलं. टोपलीत आग लागली, जमिनीजवळ 13 जण बाहेर पडले, बलून वर गेला आणि उरलेल्या आठांचा जीव गेला.

त्यामुळे माझं सगळं लक्ष नळ्यांकडे असतं. सिलिंडरमधला प्रोपेन, म्हणजे बलूनचा इंधन-गॅस, नळीतून द्रवरूपातच बर्नरपर्यंत, म्हणजे हवा तापवणाऱ्या शेगडीपर्यंत, जातो. जोडाशी गळती असेल तर बारीक फुसफुस ऐकू येते, वास येतो, कधी जोडावर पांढरं हिम धरतं. असं काही दिसलं तर उड्डाणाआधी पायलटला मोठ्याने सांगा, लाजू नका. आणि आग विझवायचा सिलिंडर टोपलीत कुठे आहे ते स्वतः बघा. झटकन उतरायचं असेल तर पायलट गॅस बंद करून, नळीत उरलेला जाळून, हवा सोडायची दोरी ओढतो. तो सांगेपर्यंत, टोपली टेकली तरी, पाय बाहेर टाकू नका. बुकिंग रद्द करा असं मी म्हणत नाही. पण उतरताना कसं बसायचं हे जो पायलट आधी करून दाखवत नाही, त्याच्या टोपलीत मी माझ्या घरच्यांना चढवणार नाही.