नव्या डिस्क टाकूनही स्टीअरिंग का थरथरतं?

प्रश्न : हायवेला गाडी एकदम शांत चालते. पण ८०-९०च्या वेगात ब्रेक दाबला की स्टीअरिंग हातात थरथरायला लागतं. वेग चाळीसच्या खाली आला की थांबतं. आठ महिन्यांपूर्वी हाच त्रास होता, तेव्हा पुढच्या ब्रेकच्या दोन्ही डिस्क (चाकासोबत फिरणाऱ्या चकत्या) आणि त्यांना दाबणारे पॅड नवे टाकले. काही महिने बरे गेले, आता पुन्हा तेच. गॅरेजवाले म्हणतात, डिस्क परत वाकल्या, बदलाव्या लागतील. गरम डिस्कवर पावसाचं पाणी उडाल्यामुळे असं होतं का?

उत्तर : डिस्क लगेच विकत घेऊ नका. आधी चाक उतरवून डिस्कच्या मागची जागा बघायला सांगा. तुमच्या पत्रातला सगळ्यात महत्त्वाचा शब्द ‘काही महिने’ हा आहे. बसवलेली डिस्क पहिल्या दिवसापासून थरथरली असती, तर डिस्कच खराब निघाली असं मी म्हटलं असतं. महिन्यांनी थरथर सुरू झाली, याचा अर्थ ती डिस्क तुमच्या गाडीवर हळूहळू खराब होत गेली. आणि त्याचं कारण अजून गाडीतच आहे.

मी गाड्यांकडे वळण्याआधी लेथवर काम शिकले. तिथे पहिला धडा हा, की कुठलीही चकती ज्या पृष्ठभागावर टेकते तो स्वच्छ नसेल, तर ती सरळ फिरणार नाही. डिस्क टेकते हबवर, म्हणजे चाक ज्यावर आवळतात त्या फिरणाऱ्या भागावर. जुनी डिस्क निघाली की हबवर गंजाचे पापुद्रे उरतात. ते न काढता वर नवी डिस्क बसवली, तर ती किंचित तिरकी बसते. हबच्या कडेला अडकलेला बारीक कण डिस्कच्या बाहेरच्या कडेपर्यंत जवळपास दुप्पट फरक दाखवतो, कारण ती कड केंद्रापासून तेवढी लांब असते.

अशी तिरकी डिस्क फिरताना डोलते. ब्रेक दाबलेला नसतानाही प्रत्येक फेरीत तिची तीच जागा पॅडला चाटून जाते. हजारो किलोमीटर असं घासून ती जागा इतर भागापेक्षा पातळ होते. मग ब्रेक दाबल्यावर पॅडची पकड जाड जागी घट्ट आणि पातळ जागी सैल होते, आणि तो झटका थेट स्टीअरिंगपर्यंत येतो. जाडीतला ०.०२ मिलिमीटरच्या आसपासचा फरकसुद्धा हाताला कळू शकतो. म्हणजे डिस्क बहुतेक वेळा वाकलेली नसते, असमान झिजलेली असते. साध्या पाण्याच्या शिंतोड्यांना मी दोष देणार नाही.

थरथर ठरावीक वेगातच का येते? १०० किमी वेगात साधारण छोट्या गाडीचं चाक सेकंदाला चौदा-पंधरा वेळा फिरतं. पुढच्या सस्पेन्शनची स्वतःची डोलण्याची लय साधारण याच टप्प्यात असते, म्हणून तिथे झटके वाढतात आणि वेग उतरला की विरतात.

आता गॅरेजमध्ये काय करून घ्यायचं ते सांगते. चाक काढल्यावर नटांनी डिस्क हबवर घट्ट आवळून डायल गेज (बारीक डोलणं काट्यावर दाखवणारं मापक) लावायला सांगा आणि डिस्क हाताने फिरवा. काटा किती हलतो ते बघा. बऱ्याच गाड्यांसाठी या डोलण्याची मर्यादा ०.०५ ते ०.१० मिलिमीटरच्या दरम्यान असते, तुमच्या गाडीची सर्व्हिस मॅन्युअलमध्ये मिळेल. मग मायक्रोमीटरने डिस्कच्या भोवती सात-आठ ठिकाणी जाडी मोजायची. ज्या गॅरेजात ही दोन्ही साधनं नाहीत, तिथे ‘डिस्क वाकली’ हा फक्त अंदाज असतो, आणि अंदाजावर तुम्ही दुसऱ्यांदा पैसे घालवावेत हे मला पटत नाही.

डिस्क काढून हब तारेच्या ब्रशने चकचकीत करा, नटांच्या बोल्टभोवतीची खाच विसरू नका. मग डिस्क परत लावून मोजा. तरीही डोलत असेल तर डिस्क एक भोक पुढे फिरवून बसवा आणि पुन्हा मोजा, कधी कधी एवढ्यानेही फरक पडतो. तेही चाललं नाही तर हब किंवा बेअरिंग तपासा. जाडीत फरक असेल आणि डिस्कवर कोरलेल्या किमान जाडीपेक्षा पुरेशी जाडी शिल्लक असेल, तर टर्निंग, म्हणजे लेथवर डिस्क तासून एकसारखी करणं, जमेल. नसेल तर दोन्ही बाजूंच्या डिस्क आणि पॅड एकत्र बदला.

कॅलिपरच्या, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाच्या, पिना मोकळ्या सरकतात का, तेही बघा. अडकलेला कॅलिपर पॅडला डिस्कवर दाबून ठेवतो आणि डिस्क तापते. प्रवासानंतर एक चाक बाकीच्यांपेक्षा खूप गरम लागत असेल तर संशय तिथेच. पिनांना ब्रेकसाठीचंच ग्रीस लावायचं, साध्या ग्रीसने रबर फुगतं. लोअर आर्मचे बुश (सस्पेन्शनच्या खालच्या दांड्याचे रबरी जोड) आणि टाय रॉड एंड (स्टीअरिंगला चाकाशी जोडणारे सांधे) ढिले असतील तर लहान झटकाही मोठा होऊन हातात येतो, त्यामुळे तेही एकदा हलवून पाहा.

चाक लावताना नट समोरासमोरचे आणि टॉर्क रेंचने, म्हणजे ठरावीक जोराने आवळणाऱ्या पान्याने, आवळायचे. एअर गनने हाणलेले नट डिस्कला असमान दाबतात. नवे पॅड टाकल्यावर मोकळ्या रस्त्यावर ६०वरून १५पर्यंत, मध्यम ब्रेक दाबून वेग उतरवायचा, पूर्ण थांबायचं नाही, मधे थंड होऊ द्यायचं आणि असं काही वेळा करायचं. डिस्क तापलेली असताना ब्रेक दाबून उभं राहिलं की पॅडचा थर एकाच जागी चिकटतो आणि तीच थरथर नव्याने सुरू होते.

गाडी ब्रेक लावताना एका बाजूला ओढत असेल किंवा लोखंड घासल्याचा आवाज येत असेल, तर तपासणीपर्यंत गाडी चालवू नका.

प्रश्न : माझं स्टीअरिंग ब्रेक न लावताही ९०ला थरथरतं. डिस्कच बघू का?

उत्तर : नाही. आधी चाकांचं बॅलन्सिंग करून घ्या, आणि टायरला कुठे फुगवटा आलाय का ते हात फिरवून बघा.