२०२० मध्ये बलात्काराचे नोंदलेले गुन्हे घटले, म्हणजे लॉकडाउनमध्ये बायका जास्त सुरक्षित होत्या का?

नाही. त्या आकड्यावरून फार तर इतकंच कळतं की पोलीस ठाण्यापर्यंत कमी बायका पोहोचल्या. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालांनुसार देशात २०१९ मध्ये बलात्काराचे सुमारे ३२,०००, २०२० मध्ये २८,०४६ आणि २०२१ मध्ये ३१,६७७ गुन्हे नोंदले गेले. निर्बंध सैल झाले आणि आकडा पुन्हा वर गेला. याच अहवालांत वर्षानुवर्षं दिसतं की ९० टक्क्यांहून जास्त प्रकरणांत आरोपी ओळखीचाच असतो: नातेवाईक, शेजारी, लग्नाचं वचन देणारा. आता दोन खोल्यांचं घर डोळ्यासमोर आणा. फोन एकच, तोही त्याच्याच हातात. एसटी बंद, माहेर लांब, नाक्यावर पोलीस पास विचारणार. तक्रार करायची कुठून आणि कशी? राष्ट्रीय महिला आयोगाकडे मात्र कौटुंबिक हिंसाचाराच्या तक्रारी २०१९ मधल्या २,९६० वरून २०२० मध्ये ५,२९७ वर गेल्या. शिवाय नवऱ्याने केलेली जबरदस्ती आपल्या कायद्यात बलात्कार धरलीच जात नाही (पत्नी १८ वर्षांखालची असेल तरच धरतात), त्यामुळे बंद दारामागचं बरंचसं या आकड्यात येतच नाही. आणि उपचाराची वाटही सुरक्षित नव्हती: सप्टेंबर २०२० मध्ये केरळच्या पत्तनंतिट्टा जिल्ह्यात करोनाबाधित तरुणीवर रुग्णवाहिकेच्या चालकानेच बलात्कार केला.

एक मान्य करायला हवं: रस्ते आणि लोकल ओस पडल्याने अनोळखी माणसांकडून होणारे काही गुन्हे खरोखर कमी झाले असतील. पण खरी घट किती आणि दबलेल्या तक्रारी किती, हे या आकड्यातून वेगळं काढता येत नाही.